तीन नंबरच्या लाइनवरची तक्रार

२०१९ च्या मार्चमधला सोमवार. संध्याकाळी सव्वासहाला एका औषध कारखान्याच्या एचआर मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी येता का? गाडी पाठवतो."

या गृहस्थांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खरं तर दोन वर्षांपासून मी त्यांच्या अंतर्गत समितीची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची, बाहेरची सदस्य होते. नेमणुकीचं पत्र आलं होतं. दोन्ही दिवाळ्यांना काजूकतलीचा डबा आला होता. बैठकीची सूचना मात्र एकदाही आली नव्हती. नियमाप्रमाणे बाहेरच्या सदस्याला सुनावणीच्या दिवसाचे २०० रुपये आणि प्रवासखर्च मिळतो, त्यामुळे "गाडी पाठवतो" ऐकल्यावर मी सावध झाले. इतकी घाई नक्की कुणाला झाली होती?

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. तक्रार सोमवारी दुपारी बारालाच त्यांच्या टेबलावर आली होती. तेव्हा त्यांनी त्या बाईला सांगितलं होतं, "तू आमची नाहीस, कॉन्ट्रॅक्टरची आहेस. तिकडे दे." ती कागद तिथेच ठेवून पाळीवर गेली. चारच्या सुमारास कुणीतरी तो कागद वाचला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचं नाव दिसलं. तो युनियनचा संयुक्त चिटणीस होता. डिसेंबरात दिलेल्या मागणीपत्रावर वाटाघाटी चालू होत्या आणि कंपनीसमोर बसणाऱ्या पाचजणांत तो एक होता. बारा ते सव्वासहाच्या दरम्यान त्या बाईच्या बाबतीत काहीच बदललं नव्हतं.

पुढे जाण्याआधी एक सांगायला हवं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ अशा प्रकरणातली नावं, पत्ता, चौकशीतला मजकूर बाहेर नेऊ देत नाही. न्याय मिळाल्याची माहिती मात्र ओळख पटणार नाही अशा रीतीने देता येते. म्हणून कारखाना ओळखू येईल असं सगळं इथे बदललं आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरात, एलबीएस रोडच्या आसपास, एवढंच पुरे. तारखांमधली अंतरं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण खरी गोष्ट त्या अंतरांतच आहे.

पट्ट्यावर दोन्ही हात

पॅकिंग खात्यात चार लाइनी. ब्लिस्टर मशीनमधून गोळ्यांच्या पत्त्या पट्ट्यावरून येतात आणि तपासणीच्या टेबलावरच्या बायका रिकामा कप्पा, फुटकी गोळी, पुसट छपाई बघून पत्ती बाजूला काढतात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. नजर पट्ट्यावरून हटली तर चार सेकंदांत पुढच्या बाईसमोर ढीग लागतो. पाठीमागे कोण येऊन उभं राहिलं, हे वळून बघायची सोय त्या कामात नाही.

तो फिटर होता, बावीस वर्षांच्या नोकरीचा. हातात पाना असला की फिटरला कुठल्याही खात्यात जाता येतं आणि का आलास, असं कुणी विचारत नाही. गणपतीच्या आसपास सुरुवात झाली. "सेन्सर बघतो" म्हणत तिच्या खांद्यावरून हात पुढे घालायचा. मग कानाशी बोलणं सुरू झालं, मशीनच्या आवाजात शेजारणीला ऐकू जाणार नाही इतपत. जानेवारीच्या शेवटी त्याचा हात कमरेवर आला. तिने समोरचं लाल बटण दाबलं आणि लाइन थांबवली.

लाइन अकरा मिनिटं बंद होती. सुपरवायझर धावत आला आणि तिच्यावरच ओरडला. उत्पादनाच्या कागदावर थांबण्याचं कारण लिहिलं गेलं: "ऑपरेटरची चूक". कॉन्ट्रॅक्टरने तिला मेमो दिला. चार महिन्यांच्या त्रासाची ती एकमेव लेखी नोंद होती, आणि ती तिच्याचविरुद्ध होती.

तक्रार शाळेच्या वहीच्या दोन पानांवर, मुलाच्या निळ्या पेनने लिहिलेली. अक्षर गोल. काय झालं ते दीड पानात, आणि शेवटी तीन ओळी. त्याने माझ्या लाइनवर येऊ नये. माझी पाळी बदलू नये. घरी कळवू नये.

या तीन ओळी या प्रकरणात कुणीच वेळेवर नीट वाचल्या नाहीत. मीही नाही. पहिल्या बैठकीत आम्ही दोन तास घालवले ते कायद्याची व्याख्या लागते का, मुदतीत आहे का, सहा प्रती कोण काढणार यावर. कायद्याने शेवटच्या घटनेपासून तीन महिने दिले आहेत आणि घटनांची मालिका असेल तर शेवटची धरायची, म्हणजे तक्रार मुदतीत होती. हे दहा मिनिटांचं काम होतं. अंतरिम दिलाशाचा विषय आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत घेतला, आणि "उद्या सविस्तर बोलू" म्हणून उठलो.

मालकाचे चार दिवस

मंगळवारी कळलं की फलकावर जिचं नाव समितीची अध्यक्ष म्हणून झळकत होतं, ती बाई नोकरी सोडून चौदा महिने झाले होते. कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र समिती आहे आणि तक्रारी शून्य, असं दोन्ही वर्षं छापलेलं. दुपारपर्यंत क्वालिटी खात्याच्या प्रमुख बाईंची अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. त्या चांगल्या निघाल्या, हा आमच्या सगळ्यांच्या नशिबाचा भाग.

बुधवारी कंपनीने त्याला निलंबित केलं. आम्हाला न विचारता. आणि सूचनाफलकावर कागद लागला: पॅकिंग खाते, लाइन क्रमांक तीन, दुसरी पाळी येथील महिला कामगाराच्या तक्रारीवरून. त्या पाळीत त्या लाइनवर तीनच बायका होत्या आणि दोघी पन्नाशीच्या पुढच्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाव कॅन्टीनभर झालं. मी एचआरला म्हटलं, ओळख उघड करणं हा कलम १६ चा भंग आहे. ते म्हणाले, "नाव कुठे लिहिलंय?" या भंगाला नियमात दंड आहे पाच हजार रुपये. त्या कारखान्यात एका शिफ्टचा चहा-नाश्ता याहून महाग पडतो.

गुरुवारी तिला दुसऱ्या पाळीतून काढून सकाळच्या जनरलला, गोदामात टाकलं. "तिच्या सुरक्षिततेसाठी." गोदामात ओव्हरटाइम नसतो. पॅकिंगला महिनाअखेरीला दुप्पट दराने मिळणारे दोन-अडीच हजार गेले. आणि पाळी बदलल्याचं कळवायला कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने फोन केला तो तिच्या नवऱ्याला. "उद्यापासून टायमिंग बदललंय. का, ते तिलाच विचारा."

चार दिवसांत तीनपैकी दोन ओळी मोडल्या. तो लाइनवर येणार नाही, ही एक गोष्ट झाली खरी, पण निलंबनाने झाली. तिने निलंबन मागितलंच नव्हतं. फिटरची ड्यूटी दुसऱ्या खात्यात लावली असती तर काम भागलं असतं, आणि एक कागदही फलकावर लागला नसता. कायदा सांगतो की चौकशी चालू असताना बाईच्या लेखी विनंतीवरून समितीने शिफारस करावी: तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा वगैरे. स्थायी आदेशांखाली, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांखाली, निलंबनाचा अधिकार मालकाला असतोच, त्यामुळे केलं ते बेकायदा नव्हतं. फक्त ते कुणासाठी केलं, एवढाच प्रश्न होता. पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता घेत तो घरी बसला आणि ती गोदामात खोकी मोजत राहिली.

एचआर मॅनेजरला मी खलनायक करणार नाही. ते मला कळवळून म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, कंपन्या काही करत नाहीत? केलं की लगेच." त्यांना ते मनापासून वाटत होतं. पण हीच तक्रार एखाद्या प्लांट मॅनेजरविरुद्ध असती तर गाडी आली असती का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेटवर

शुक्रवारी दुपारी दोनला, पाळी बदलायच्या वेळी, द्वारसभा. भाषणाचा सूर ठरलेला: करार मोडण्याचा डाव, कार्यकर्त्याचा बळी, बाईला पुढे करून युनियन फोडायची चाल. दोनशे माणसं उन्हात उभी. गोदामाच्या जाळीच्या खिडकीतून ती हे सगळं ऐकत होती.

आता हे भाषण निव्वळ खोटं होतं का? इथे मला थांबून बोललं पाहिजे. मुंबईतल्या कामगाराला ही चाल अनोळखी नाही. कराराच्या तोंडावर पुढाऱ्याला चार्जशीट देणं, कधी हत्यार चोरल्याची, कधी साहेबाला शिवी दिल्याची, हे इथल्या औद्योगिक पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांची घरं बसली, त्यांची मुलं आज या उपनगरी कारखान्यांत आहेत. संशय त्यांच्या अंगात भिनला आहे, आणि बुधवारच्या त्या फलकाने तो संशय कंपनीनेच खरा करून दाखवला.

पण याच शहराची दुसरीही आठवण आहे. गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका असत, त्यांच्यावर नायकीण आणि खात्यावर जॉबर. कामावर घेणं, बदली देणं, घरी बसवणं जॉबरच्या मर्जीवर चाले. १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही जॉबरच्या लाचखोरीबद्दल लिहिलेलं आहे. ती लाच बायकांकडून पैशातच घेतली जाई असं नाही, हे चाळीतल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागत नाही, त्या आपणहून सांगतात. जॉबरच्या मनमानीशी भांडणाऱ्या संघटनेचाच माणूस पाना घेऊन कुणाच्या पाठीमागे उभा राहिला, तर काय म्हणायचं?

युनियनच्या सरचिटणीसांना मी परळच्या ऑफिसात भेटले. साठी ओलांडलेले, चार वेळा तुरुंगात जाऊन आलेले. चहा आला. मग ते म्हणाले, "ताई, बावीस वर्षांचा मेंबर आहे. त्याला वाऱ्यावर सोडू?"

"आणि ती?"

"ती मेंबर नाही."

हेही खरं होतं. पॅकिंगमध्ये कायम बायका ३१ आणि कंत्राटी ६४. युनियनच्या घटनेत सभासद फक्त कायम कामगार. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात युनियनला मान्यता मिळवायला ३० टक्के सभासद दाखवावे लागतात, आणि त्या मोजणीत कंत्राटी बाया कुणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत. लैंगिक छळाच्या कायद्यात मात्र त्या आहेत. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा "कर्मचारी"च, आणि तिची तक्रार मुख्य मालकाच्या समितीनेच घ्यायची. म्हणजे कायद्याने तिला कंपनीच्या दारात उभं केलं, युनियनने मात्र आपल्या दारात उभं केलं नव्हतं. अकरा जणांच्या कमिटीत एकच बाई होती, आणि तिच्याकडे हळदीकुंकू आणि वह्यावाटप ही खाती.

एवढ्यावर युनियनला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे, ते इथे मांडते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात "कामगारांचा पुढाकार" असं एक स्वतंत्र कलम होतं. कामगारांना त्यांच्या सभांत हा विषय काढता आला पाहिजे आणि मालक-कामगारांच्या बैठकांत त्यावर चर्चा झाली पाहिजे, असा त्याचा आशय. राजस्थानात सरकारी कामावरच्या एका साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये बलात्कार झाला आणि तिला काम देणाऱ्यांनी हात वर केले, तिथून हा निकाल उगवला. सोळा वर्षांनी संसदेने कायदा केला तेव्हा समिती नेमण्याचा अधिकार कलम ४ ने मालकाच्या लेखी आदेशावर सोपवला. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, एक बाहेरची सदस्य. कर्मचाऱ्यांमधले सदस्यही मालकच निवडणार. युनियनचा त्यात उल्लेख नाही.

याचा परिणाम कारखान्यात असा होतो: या सगळ्या रचनेत युनियनला एकच जागा उरते, आरोपीच्या शेजारची. तो सभासद म्हणून युनियनकडे धावतो, युनियन त्याच्याबरोबर आत येते. मग आपण म्हणतो, बघा, युनियन नेहमी पुरुषाच्या बाजूने. जिनिव्हात २०१९ च्या जूनमध्ये, म्हणजे हे प्रकरण चालू असतानाच, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या ठिकाणच्या हिंसाचारावर १९० क्रमांकाचा करारनामा मंजूर केला. धोरण ठरवताना कामगारांशी आणि त्यांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करावा, असं त्यात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

उद्या युनियनला समितीत सरळ खुर्ची दिली तर? तर या प्रकरणात त्या खुर्चीवर त्याचाच दोस्त बसला असता. म्हणून माझं म्हणणं इतकंच की कर्मचाऱ्यांमधल्या सदस्या मालकानेही नेमू नयेत आणि युनियनच्या कमिटीनेही. खात्यातल्या बायकांनी, कंत्राटी धरून, निवडाव्यात. कायदा याला मनाई करत नाही. बायकांनी दिलेली नावं मालकाने आदेशात लिहायची, एवढंच. मी हे आणखी दोन कंपन्यांत सुचवलं. दोन्हीकडे "छान कल्पना आहे" म्हणाले.

रजिस्टर

चौकशीत वकील आणता येत नाही. त्याने युनियनचा माणूस बरोबर मागितला. आम्ही एक सहकारी बसू दिला, गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन. तोही फिटरच, त्याच्याच पाळीचा. तिची उलटतपासणी समोरासमोर घेतली नाही. त्याच्या बाजूचे प्रश्न लेखी आले आणि ते आम्ही विचारले. अठरा प्रश्नांपैकी सात तिच्या ड्युटीबाहेरच्या आयुष्याबद्दल होते. ते बाजूला ठेवले. एप्रिलच्या २९ ला मुंबईत मतदान, म्हणून एक सुनावणी पुढे गेली. तेवढ्यावरून "समिती मुद्दाम लांबवते" असा अर्ज त्याच्याकडून आला. आला तो नोंदवून घेतला.

साक्षीदारांचं जे होतं तेच झालं. शेजारच्या दोघी म्हणाल्या, "आम्ही खाली बघून काम करतो." यात खोटं काहीच नव्हतं, पट्टा वर बघूच देत नाही. तिसरी साक्षीदार, एक कंत्राटी बाई, त्या दिवशी कामालाच आली नाही. शब्दाविरुद्ध शब्द. त्याचा खुलासा होता की मशीन बिघडायचं म्हणून यावं लागायचं, मशीनचं काम करताना धक्का लागतोच.

मे महिन्यात युनियनच्या कमिटीतली ती एकमेव बाई आपणहून आली. सगळे तिला मावशी म्हणतात. चोवीस वर्षं पॅकिंगमध्ये काढलेली. तिने काही पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असं ती म्हणालीही नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, मेंटेनन्सचं रजिस्टर मागवा. तीन नंबर एवढं बिघडत नाही हो."

रजिस्टर आलं. लांबट, काळ्या पुठ्ठ्याचं, कडेला ग्रीसचे अंगठे. सप्टेंबर ते जानेवारी, लाइन तीन, दुसरी पाळी: त्याच्या अक्षरातल्या सव्वीस नोंदी. प्रत्येक वेळी दोनच शब्द, "सेन्सर ॲडजस्ट". त्याच मशीनच्या पहिल्या पाळीत त्याच काळात नोंदी किती? तीन.

मग अध्यक्षबाईंनी, त्या क्वालिटीच्या असल्यामुळे त्यांनाच हे सुचलं, उत्पादनाचे रोजचे कागद काढले आणि सव्वीस तारखा एकेक करून जुळवल्या. ब्लिस्टर मशीनचं गार्ड उघडलं की मशीन आपोआप थांबतं, हात कापू नयेत म्हणून. थांबलं की कागदावर मिनिटं पडतात. सव्वीसपैकी पंचवीस दिवशी लाइन शून्य मिनिटं थांबलेली. सव्विसावा दिवस लाल बटणाचा.

अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, "गार्ड न उघडता सेन्सर कसा ॲडजस्ट केलात?"

"बाहेरून बघितला."

"पंचवीस वेळा?"

तो पाणी प्यायला. मी बघत होते त्याच्या शेजारच्या फिटरकडे. त्याने रजिस्टर स्वतःकडे ओढून दोन पानं उलटली, पुन्हा मागे गेला, आणि ते मिटून जागच्या जागी ठेवलं. त्यानंतर पूर्ण सुनावणीभर त्याने मान वर केली नाही. व्याख्या, कलमं, न्यायालयं यांनी जे त्या माणसाला पटलं नसतं, ते सव्वीस वेळा लिहिलेल्या दोन शब्दांनी पटलं. तो कारागीर होता, त्याला दिसलं.

त्याच रात्री तो सरचिटणीसांकडे गेला, असं मला नंतर कळलं. पुढच्या द्वारसभेत या प्रकरणाचा उल्लेख झाला नाही. युनियनच्या वकिलाने तरी एक पत्र दिलंच, की समितीचा अहवाल आला तरी वेगळी खातेनिहाय चौकशी करा. तो प्रश्न जुना आहे. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१२ ला सांगून टाकलं आहे, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल. बाईला तेच दोनदा सांगायला लावायचं नाही.

सत्तावन्न दिवस

चौकशी ९० दिवसांच्या आत, ६ जूनला संपली. १४ जूनला अहवाल कंपनीच्या हातात. गैरवर्तन सिद्ध. शिफारशी चार: दोन वेतनवाढी कायमच्या बंद, पॅकिंग खात्यातून युटिलिटीला बदली, बुडालेला ओव्हरटाइम आणि मनस्तापापोटी भरपाई त्याच्या पगारातून, आणि तिला ताबडतोब तीन नंबरवर, दुसऱ्या पाळीत परत घेणं, मेमो रद्द करून.

बडतर्फी का नाही, असं मला अनेक कार्यकर्त्या मैत्रिणी विचारतात. मार्चमध्ये कंपनीलाही तीच हवी होती. समितीत यावर वाद झाला, मत विभागलं गेलं. मी वेतनवाढींच्या बाजूने होते. आज पुन्हा विचाराल तर माझी खात्री थोडी कमी झाली आहे, पण एक कारण तेव्हाही होतं आणि अजून आहे: तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याची नोकरी गेली तर मला इथे कुणी राहू देणार नाही."

कायद्याने मालकाला शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई करावी लागते. ज्या कंपनीने निलंबनाला दोन दिवस घेतले, तिचे एचआर मॅनेजर आता "बघतो", "लीगलकडे आहे", "एमडी बाहेर आहेत" म्हणू लागले. जून गेला, जुलै गेला. पगारवाढीचा करार ९ ऑगस्टला झाला. शिक्षेचं पत्र १० ऑगस्टला निघालं. सत्तावन्नावा दिवस, मुदतीच्या आत.

वाटाघाटींच्या टेबलावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. सरचिटणीस मला म्हणाले, "आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, हा विषय कराराबाहेर." एचआर म्हणाले, "युनियननेच सांगितलं, करारापर्यंत थांबा." दोघंही एकाच वेळी खरं बोलत असणं शक्य नाही. मला एवढं माहीत आहे की तिला लाइनवर परत घ्यायला कुणाच्या सहीची, कुठल्या कराराची गरज नव्हती, आणि तरी तीही सत्तावन्न दिवस गोदामातच राहिली. मार्चमध्ये कंपनीला ती युनियनविरुद्ध हवी होती, जुलैत कराराच्या तराजूत तिचा अहवाल ठेवला गेला. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही.

त्याने अपील केलं नाही. ९० दिवसांची मुदत होती. युनियनने वकील द्यायला नकार दिला, असं ऐकलं.

यादी

सप्टेंबरअखेर कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नवा कॉन्ट्रॅक्टर आला. जुन्या ६४ बायकांपैकी ६३ नव्या यादीत. एक नाव "राहून गेलं".

अहवाल दिला की समितीचं काम कायद्याने संपतं. नोकरीवर परिणाम करण्याची धमकी छळाच्या व्याख्येत येते, पण यादीत नाव नसणं ही धमकी आहे हे सिद्ध कोण आणि कुठे करणार? अध्यक्षबाईंनी आणि मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नव्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, मला जी यादी दिली ती मी घेतली." यादी कुणी दिली? "कंपनीने." कंपनी म्हणाली, जुन्या कॉन्ट्रॅक्टरने.

मावशीने कमिटीच्या बैठकीत विषय काढला. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, फक्त "लई बोलले, मीपण बोलले" एवढंच. पण दोन दिवसांनी युनियनच्या लेटरहेडवर कंपनीला तीन ओळींचं पत्र गेलं. "सदर महिला आमच्या संघटनेची सभासद नसली तरी" अशी त्याची सुरुवात. मान्यताप्राप्त युनियनचं पत्र आवकला नोंदवावं लागतं. काम सुटून एकोणीस दिवस झाले होते, विसाव्या दिवशी ती दुसऱ्या पाळीला तीन नंबरवर होती. एकोणीस दिवसांचा पगार मिळाला नाही.

नोव्हेंबरमध्ये समितीची बैठक झाली, तक्रार नसताना झालेली पहिली. मी पॅकिंग खात्यात फेरी मारली. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये आता दोन नवे रकाने आहेत: लाइन किती मिनिटं थांबली, आणि लाइनवरच्या कामगाराची सही. ही सूचना आमच्या समितीची नाही, एचआरची नाही. सुनावणीत शेजारी बसलेल्या त्या फिटरची.

उत्पादनाचा जानेवारीचा तो कागदही मी काढून बघितला. मेमो रद्द झाला, पण अकरा मिनिटांपुढे "ऑपरेटरची चूक" तसंच आहे. बॅचचा कागद खोडता येत नाही, कारण आणि तारीख टाकून शेजारी दुरुस्तीचा शेरा जोडता येतो, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. शेरा कुणी सही करायचा, यावर प्रॉडक्शन आणि क्वालिटी खात्यांचा पत्रव्यवहार चालू होता.